मेणबत्तीची बरणी

चिठ्ठीवर नाव नव्हतं.
‘बेबी ऑफ भाग्यलता गुंडेटी, सात आठवडे’,
आणि निळ्या शाईत डॉक्टरांची घाई:
श्वास बहात्तर. पोट उडतंय.

काडीच्या टोकाला कापूस,
कापसाच्या टोकाला शेंबडाचा एक धागा.
धाग्याचं मला कुणी सांगू नये.
माझा बाप बत्तीस वर्षं मागावर उभा होता,
रात्री जेवायला बसला की भुवईवरून
टॉवेलची लव ताटात पडायची.

दोन काड्या. एक माझी,
एक बर्फात घालून पुण्याला.
विषाणू शोधायचं यंत्र आमच्याकडे यायचंय,
दरवर्षी यायचंय.
पण तो काय करतो ते ठाऊक आहे.
कडी वाजवत नाही.
श्वासनळीच्या आत जी बारीक लव असते,
सतत वर वर झाडत राहणारी,
ती कापून टाकतो
आणि कधी कधी निघूनही जातो,
घर उघडं टाकून.

मग ते दुसरे.
नाकात आधीपासून राहणारे,
भाडं थकवत नाहीत, आवाज करत नाहीत,
जिना मोकळा दिसला की खाली उतरतात.

त्यांच्यासाठी मी बरणी लावते.
लोणच्याच्या बरणीएवढी काच,
आत रक्त घातलेल्या प्लेटा,
एक लाल, एक तापवून तपकिरी केलेली,
सगळ्यांत वर मेणबत्तीचा तुकडा.
काडी ओढायची, झाकण दाबायचं.
ज्योत पिवळी, मग निळसर, मग नाही.
त्यांना अशीच हवा लागते,
कुणीतरी वापरून सोडलेली,
पाळण्यावर वाकलेल्या तोंडासारखी.
बारा वर्षं झाली, झाकण लावताना
मी श्वास धरते. कशासाठी, माहीत नाही.

बाहेर बाकावर बहीण बसलेली. हंसिका, पहिलीत.
गड्ड्यातून आणलेली पिपाणी हातात,
वाजवत नव्हती.
घरच्या भाषेत म्हणाली,
तम्मुडूच्या आधी मला सर्दी झाली होती.
मी त्याचा पापा घेतला होता.
मी म्हटलं, सर्दी वाऱ्याची असते.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी बापाकडे पाहायचे,
खोकला धुळीचा आहे असं तो म्हणायचा तेव्हा.

आमच्याकडे फुप्फुसाला ऊपिरितित्ती म्हणतात,
श्वासाचा भाता.
वॉर्डात तो भाता पाहिला मी.
माझ्या तळहाताएवढा,
दर धक्क्याला फासळ्यांखाली खड्डा,
आणि आई मोजत होती,
ओठ न हलवता,
हजार विड्यांची गणती मोजायची सवय असलेली.

सकाळी लाल प्लेटवर उगवले होते,
हिरवट कडेचे, मध्ये दबलेले,
कॅरमच्या सोंगट्या ठेवाव्यात तसे.
पुस्तकात या प्रत्येक ठिपक्याला वसाहत म्हणतात.
मला विडी घरकुल आठवतं,
एक खोली, सात माणसं,
सुपात तंबाखू, त्याच खोलीत पाळणा,
आणि सरकारी कागदावर तोच शब्द.

पण हे नाकातलं.
हे हंसिकाच्या नाकात असेल, माझ्याही.
खाली उतरले की नाही
ते काडी सांगत नाही.
रिपोर्टवर लिहिलं:
वाढ आढळली.
रुग्णाच्या स्थितीशी ताडून पाहावे.
इतकंच लिहिता येतं.

सहाव्या दिवशी ते घरी गेले.
मला कळलं ते असं, की फाटकाच्या बाजूने
पिपाणी एकदाच वाजली,
बेसूर, आणि कुणीतरी गप्प केलं.

पुण्याचा कागद नवव्या दिवशी आला.
विषाणू होता.
वर अजून तेच, बेबी ऑफ.
मी तो फाईलला लावला
आणि बरणीतली जुनी मेणबत्ती
सुरीने खरवडून काढली.
बुडाशी नखाएवढी वात उरली होती,
अजून एकदा चालली असती.